सेंटरिंग कधी काढायचं?

एक साधा प्रश्न विचारते. ऑगस्ट १७७५. बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या दारूगोळ्याचा हिशेब मागवला. इंग्लंडसारख्या महासत्तेशी लढाई सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते. दर शिपायामागे किती बार काढता येतील एवढी दारू शिल्लक होती? पन्नास? शंभर?

उत्तर आहे, नऊ!

नऊ बार काढले की बंदुकीचा उपयोग काठीसारखा. असं असताना हेच लोक सहा वर्षांनी यॉर्कटाउनला इंग्रजांची अख्खी फौज शरण आणतात. मधल्या सहा वर्षांत काय झालं?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या हिस्ट्रीच्या पुस्तकात हे युद्ध दीड पानात आटपलं होतं. बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्या, १७७६ चा जाहीरनामा, घोड्यावरचा वॉशिंग्टन, संपलं. फ्रान्सचं नाव एका ओळीत येऊन गेलं, परीक्षेत त्यावर प्रश्न नव्हता म्हणून कोणी विचारलंही नाही. हॉस्टेलमध्ये मात्र हा विषय निघाला की मेसच्या टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'ते बघा, स्वतःच्या हिमतीवर स्वातंत्र्य मिळवलं, याला म्हणतात देश!' दुसरी म्हणते, 'कसली हिंमत, फ्रान्सने जिंकून दिलं, यांनी फक्त झेंडा लावला.' ताट संपतं, वाद संपत नाही.

मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की परक्याची मदत घेतली की नाही, हा प्रश्नच फारसा महत्त्वाचा नाही. जवळजवळ सगळेच घेतात. खरा प्रश्न आहे की ती कोणत्या अटीवर घेतली, घेत असताना स्वतः काय शिकलात, आणि ती परत कधी पाठवलीत.

आम्हा सिव्हिलवाल्यांना हे चटकन कळेल. स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लागतंच. ओलं काँक्रीट हवेत तरंगत नाही. त्यात लाज कसली? पण सेंटरिंग म्हणजे स्लॅब नव्हे. आयएस ४५६ सांगतो की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवा, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस. आधी काढलेत तर डोक्यावर पडेल. आणि कधीच काढता आलं नाही, तर मग वर स्लॅब आहे असं म्हणायचं तरी कशाला?

आता मदतीचा हिशेब बघू. तो छोटा नाही.

पहिली गोष्ट दारू, म्हणजे बंदुकीची. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांनी जी दारू वापरली तिच्यापैकी सुमारे नव्वद टक्के बाहेरून आली होती, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. ती आली कशी, हा एक सिनेमाच आहे. 'द बार्बर ऑफ सेव्हिल' हे नाटक लिहिणारा बोमार्शे नावाचा फ्रेंच लेखक १७७६ मध्ये एक खोटी व्यापारी कंपनी काढतो, नाव 'रोदरिग ओर्तालेझ आणि कंपनी'. तिला फ्रान्सचा राजा गुपचूप १० लाख लिव्र देतो आणि स्पेनचा राजाही तेवढेच देतो. कंपनी कागदावर व्यापार करते, प्रत्यक्षात तोफा, बंदुका, दारू आणि कपडे जहाजात भरते. १७७७ च्या वसंतात ही जहाजं अमेरिकेला लागली आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला. त्याच्याशी लढणाऱ्यांच्या हातात फ्रेंच बंदुका होत्या.

दुसरी गोष्ट उघड युती. ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सने तह केला. १७७९ मध्ये स्पेन फ्रान्सच्या बाजूने युद्धात उतरला, १७८० च्या शेवटी इंग्रजांनी डचांवरही युद्ध पुकारलं. म्हणजे जे भांडण तेरा वसाहतींचं होतं ते जगभर पसरलं. इंग्रजांच्या आरमाराला आता वेस्ट इंडीज, जिब्राल्टर, मद्रास आणि स्वतःचा इंग्लिश किनारा, सगळंच सांभाळायचं होतं. अमेरिकेसाठी उरलेली जहाजं मोजकीच.

तिसरी गोष्ट यॉर्कटाउन. जुलै १७८० मध्ये जनरल रोशांबो साडेपाच हजार फ्रेंच सैनिक घेऊन न्यूपोर्टला उतरला. पुढच्या वर्षी अॅडमिरल द ग्रास वेस्ट इंडीजमधून निघाला. येताना त्याच्यासाठी हवानामध्ये काही तासांत ५ लाख पेसो गोळा झाले. ५ सप्टेंबर १७८१ ला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी त्याच्या २४ जहाजांनी इंग्रजांच्या १९ जहाजांना परतवलं आणि कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट बंद झाली. जमिनीवरून वेढा पडला. वेढ्यात अमेरिकन आणि फ्रेंच सैनिक जवळपास सारखेच होते. जहाजांवरचे खलाशी धरले तर फ्रेंच जास्त! दक्षिणेकडे निघालेल्या अमेरिकन शिपायांच्या हातात एक महिन्याचा रोख पगार पडला, तोसुद्धा फ्रेंच पैशातून. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली.

इथपर्यंत वाचून दुसरी पार्टी खूश झाली असेल. 'बघ, आम्ही काय म्हणत होतो!' थांबा जरा.

आधी हे बघू की फ्रान्सने एवढं केलं कशासाठी. स्वातंत्र्याच्या प्रेमापोटी? ज्या देशात राजाची इच्छा म्हणजे कायदा, तो देश दुसऱ्याच्या लोकशाहीसाठी पैसे ओतेल? कारण वेगळंच होतं. १७६३ च्या तहात फ्रान्स कॅनडा घालवून बसला होता, हिंदुस्थानातही त्याच्याकडे पाँडिचेरीसारखी थोडी ठाणी उरली होती. परराष्ट्रमंत्री वर्जेनला इंग्लंडचा हिशेब चुकता करायचा होता. शत्रूचा शत्रू तो मित्र, एवढा सरळ मामला.

आणि इंग्रज तरी एकटे लढत होते का? त्यांनी जर्मन संस्थानिकांकडून जवळपास ३० हजार सैनिक भाड्याने आणले होते. म्हणजे परकी फौज दोन्हीकडे होती. मग फरक कुठे पडला? माझ्या मते चार ठिकाणी.

एक, अटी आधी ठरल्या. सप्टेंबर १७७६ मध्ये, म्हणजे गळ्याशी आलेलं असताना, अमेरिकन काँग्रेसने तहाचा नमुना तयार केला. तो मुख्यतः जॉन अॅडम्सने लिहिला होता. त्याला फ्रान्सशी व्यापार हवा होता, पण राजकीय बंधन नको होतं आणि फ्रेंच फौजही नको होती. पुढे परिस्थितीने फौज घ्यावी लागली. पण १७७८ च्या तहात फ्रान्सने लिहून दिलं की उत्तर अमेरिकेतल्या आपल्या जुन्या प्रदेशांवरचा हक्क आम्ही कायमचा सोडतो. विचार करा, मदतीला येणारा माणूस दारातच लिहून देतो की तुमच्या घरातली एकही खोली मला नको! हे आपोआप होत नाही. कोणीतरी मागावं लागतं.

दोन, आधी स्वतः करून दाखवलं. बेंजामिन फ्रँकलिन डिसेंबर १७७६ मध्ये फ्रान्सला पोचला. पॅरिसच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण उघड तह काही झाला नाही. तो झाला साराटोगाची बातमी पोचल्यावर. गुपचूप माल मिळत होता हे खरं, पण लढून जिंकलेली ती लढाई अमेरिकनांची होती. बुडणाऱ्याला दोर टाकतात, पण तो हातपाय मारतोय हे दिसलं तरच.

तीन, सूत्रं आपल्याकडे ठेवली आणि तरीही ऐकून घेतलं. पॅरिसहून निघताना रोशांबोला स्पष्ट आज्ञा होती की तू वॉशिंग्टनच्या हाताखाली काम करायचं. रोशांबो वयाने मोठा, अनुभवाने कितीतरी मोठा, तरी सरसेनापती वॉशिंग्टनच. गंमत म्हणजे वॉशिंग्टनला न्यूयॉर्कवर चालून जायचं होतं. चेसापीकचा डाव रोशांबोला जास्त बरा वाटत होता. वॉशिंग्टनने अखेर ते मान्य केलं. अधिकार आपला ठेवून अक्कल दुसऱ्याची घेणं, हे वाटतं तितकं सोपं नसतं. आपल्याकडे साधा गॅदरिंगचा स्टेज बांधताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

चार, शिकून घेतलं. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. वॉशिंग्टनच्या सैन्यात तोफा, तटबंदी आणि वेढ्याचं शास्त्र जाणणारे इंजिनिअर जवळपास नव्हतेच. १७७७ मध्ये द्यूपोर्ताय नावाचा फ्रेंच मिलिटरी इंजिनिअर आला आणि मुख्य इंजिनिअर झाला. यॉर्कटाउनच्या वेढ्यात त्याच्या इंजिनिअरांचं काम मोठं आहे. शत्रूच्या तटाला समांतर खंदक खणायचा, तोफा पुढे न्यायच्या, मग आणखी जवळ दुसरा समांतर खंदक, असं मोजून मापून पुढे सरकणं. १४ ऑक्टोबरच्या रात्री दोन बुरूज एकाच वेळी घेतले, एक फ्रेंचांनी आणि दुसरा अमेरिकनांनी, अलेक्झांडर हॅमिल्टनच्या हाताखाली. कोशचुश्को नावाचा पोलिश इंजिनिअर साराटोगाची तटबंदी उभारून गेला. व्हॅली फोर्जच्या थंडीत प्रशियाचा फॉन श्टॉयबेन आला. त्याने आधी एका लहान तुकडीला कवायत शिकवली, त्या तुकडीने पुढच्यांना शिकवली आणि १७७९ मध्ये कवायतीचं पुस्तकच छापलं गेलं. म्हणजे शिक्षक उद्या गेला तरी शिकवणं चालू राहील, अशी सोय झाली.

१८०२ मध्ये अमेरिकेने वेस्ट पॉइंटला आपली मिलिटरी अकादमी काढली. तिथे इंजिनिअरिंगची बरीच पुस्तकं फ्रेंच होती म्हणून मुलांना फ्रेंच शिकवत. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं ब्रीदवाक्य आजही फ्रेंच आहे, 'एसायाँ', म्हणजे 'प्रयत्न करू या'. फ्रेंच फौज मात्र डिसेंबर १७८२ मध्येच बॉस्टनहून जहाजात बसून गेली होती. सेंटरिंग निघालं, स्लॅब राहिला.

आता आपल्याकडे येते. ओढूनताणून नाही, कारण हे युद्ध खरोखरच पुण्यापर्यंत आलं होतं.

१७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्याच्या दरबारात हजर झाला. तिकडे बोमार्शेची जहाजं अमेरिकेला लागत होती आणि इकडे सेंट ल्युबिन नाना फडणविसांना फ्रेंच फौजेची आश्वासनं देत होता. मुंबईकर इंग्रजांची आणि कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जची झोप उडाली. नानांना त्या आश्वासनांवर किती विश्वास होता हा वेगळा विषय, पण इंग्रजांना घाबरवायला तो माणूस उपयोगी होता एवढं खरं. फौज काही आली नाही, सेंट ल्युबिनही निघून गेला. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना मराठ्यांनी वडगावला अडवलं आणि तह लिहून द्यायला लावला. पुण्याहून लोणावळा लोकलने जाताना जे वडगाव स्टेशन लागतं, तेच हे वडगाव. पुढे मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते युद्ध संपलं.

पण हे युद्ध सुरूच का झालं होतं? कारण रघुनाथरावांना पेशवेपद हवं होतं आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला. मला अडीच हजार फौज द्या, मी तुम्हाला साष्टी आणि वसई देतो. जरा शेजारी ठेवून बघा. एका तहात मदत करणारा लिहून देतो की मला तुमची जमीन नको. दुसऱ्यात मदत मागणारा आधीच जमीन देऊन मोकळा होतो.

आणि मग त्यांच्या चिरंजीवांनी कळस केला. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. यशवंतराव होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची मदत घेतली. सहा हजारांची इंग्रजी पायदळ फौज कायमची ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी करायची नाहीत. 'कायमची' हा शब्द बघा. तेच तर सगळं आहे. न्यूपोर्टला उतरलेली फौज अडीच वर्षांत परत गेली. पुण्यात आलेली फौज गेलीच नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली.

टिपू सुलतानाची गोष्ट आणखी वेगळी. मंगळूरच्या वेढ्यात त्याच्याबरोबर फ्रेंच सैनिक होते. १७८३ मध्ये युरोपात तहाची बातमी झाली आणि ते लढाई सोडून बाजूला झाले. त्यांचं काम संपलं होतं, टिपूचं नाही! पाच वर्षांनी टिपूचे वकील मदत मागायला थेट पॅरिसला गेले. ऑगस्ट १७८८ मध्ये सोळाव्या लुईने व्हर्सायला त्यांचं स्वागत थाटात केलं, पण लष्करी युती नाकारली. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या खजिन्याने देणी देणं थांबवलं. खजिना रिकामा होण्याचं एक मोठं कारण अमेरिकेचं युद्ध होतं. त्यावर फ्रान्सचे एक अब्ज लिव्रहून जास्त खर्च झाले होते. पुढच्या वर्षी क्रांती झाली आणि १७९३ मध्ये लुईचं डोकं गेलं. मदत करणाऱ्यालाही किंमत पडते, ती अशी. आणि यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस? तो १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि १७९२ मध्ये त्याने टिपूचं अर्धं राज्य काढून घेतलं. तिकडची हार इकडे भरून काढली म्हणायची.

इथे एक मैत्रीण मला नेहमी अडवते. ती म्हणते, 'अमेरिकनांचं नशीब चांगलं होतं गं. फ्रान्स समुद्रापलीकडे होता. मदत करून परत जाणं त्याला भागच होतं. पेशव्यांचा मदतनीस मुंबईत शेजारीच बसला होता.' तिचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. लांबचा मदतनीस शेजारच्यापेक्षा बरा. पण मग शेजारच्याकडे, तेही घरातल्या भांडणात एका भावाविरुद्ध दुसऱ्याला हरवायला मदत मागणं हा भूगोलाचा दोष कसा? अमेरिकनांचेही आपसात वाद कमी नव्हते. लाखो लोक इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे होते. तरी फ्रान्सशी बोलताना काँग्रेस एकच होती.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. अमेरिका कृतघ्न निघाली का? १७७८ च्या तहात ठरलं होतं की कोणीही एकट्याने शांतता करायची नाही. तरी फ्रँकलिन, जॉन अॅडम्स आणि जॉन जे यांनी ३० नोव्हेंबर १७८२ ला वर्जेनला न सांगता इंग्रजांशी तहाच्या मसुद्यावर सह्या केल्या. जे यांना संशय होता की फ्रान्स स्पेनला खूश करण्यासाठी अमेरिकेची पश्चिम सीमा आखडती घेईल. मसुद्यात त्यांनी वाक्य घातलं की इंग्लंड आणि फ्रान्सचा तह झाल्याशिवाय हा लागू नाही, म्हणजे कागदावर शब्द पाळला. १७९३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडचं पुन्हा जुंपलं तेव्हा वॉशिंग्टनने तटस्थता जाहीर केली. १७९८ मध्ये तर काँग्रेसने फ्रान्सबरोबरचे तह रद्द केले आणि दोघांची जहाजं समुद्रात एकमेकांवर तोफा डागू लागली. बिचाऱ्या बोमार्शेचं बिल त्याच्या हयातीत फिटलं नाही, त्याच्या वारसांना १८३५ मध्ये ८ लाख फ्रँक मिळाले. गरज सरो, वैद्य मरो!

यातलं बोमार्शेचं बिल थकवणं मला अजिबात पटत नाही. ज्याचे पैसे घेतले त्याचे द्यायला हवेत, तिथे राजकारण आणू नये. पण तहाचा निर्णय आणि तटस्थता मला पटते. मदतीची परतफेड म्हणून देशाची सीमा किंवा देशाची पुढची युद्धं देता येत नाहीत. तसं दिलं असतं तर मालक बदलला असता, एवढंच.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. स्वातंत्र्य मिळालं ते कोणाला? १७७९ मध्ये सव्हानाच्या वेढ्यात फ्रेंचांबरोबर सेंट डोमिंग्यू बेटावरचे कृष्णवर्णीय सैनिक होते. ते अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढले. त्याच बेटाने पुढे गुलामगिरी मोडून १८०४ मध्ये हैती म्हणून स्वातंत्र्य मिळवलं. फ्रान्सने १८२५ मध्ये त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. आणि ज्यांच्यासाठी ते लढले त्या अमेरिकेने हैतीला मान्यता कधी दिली? १८६२ मध्ये! दक्षिणेत गुलाम ठेवणाऱ्या देशाला गुलामांनी मिळवलेलं स्वातंत्र्य नको होतं. मदत घेताना कातडीचा रंग पाहिला नाही, द्यायची वेळ आली तेव्हा पाहिला. म्हणून पहिल्या पार्टीलाही सांगते, 'स्वतःच्या हिमतीवर' म्हणताना ही माणसं हिशेबातून गाळू नका.

हल्लीच्या इतिहासात आपणही एकदा मदत करणाऱ्याच्या जागी होतो. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य परत आलं. आपण जिंकल्याचा अभिमान सगळे सांगतात. मला वेळेवर परत येण्याचा अभिमानही तितकाच वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आमच्या हॉस्टेलशी काय संबंध? आहे ना. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आठवा. शहरात अशी दुकानं आहेत जिथे पैसे दिले की सर्किट, रिपोर्ट, पीपीटी, सगळं तयार मिळतं. व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं, 'हा रेझिस्टर इथे का?' की चौघेही एकमेकांकडे बघतात. आणि दुसरीकडे काही ग्रुप आहेत जे वर्कशॉपमधल्या मामांकडून वेल्डिंग शिकतात, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या सरांच्या मागे लागतात, सीनियर्सना रात्री दोनला उठवतात. मदत दोघांनीही घेतली. पण पहिल्या ग्रुपने बाजीरावाचा तह केला आहे. दुसऱ्याने द्यूपोर्तायला बोलावलं आहे.

लाफायेत अमेरिकेच्या सैन्यात आला तेव्हा १९ वर्षांचा होता. ब्रँडीवाइनच्या लढाईत पायाला गोळी लागली तेव्हा त्याला वीस वर्षं पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. म्हणजे आत्ता माझ्या वयाचा. तो परक्यांच्या युद्धात शिकायला आला होता. आल्यावर सैन्याची अवस्था बघून वॉशिंग्टनने ओशाळून काहीतरी म्हटलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं की मी शिकवायला नाही, शिकायला आलोय. मदत करणारा असं म्हणत असेल तर तो बरा. आणि घेणाराही तसं म्हणत असेल तर मग काही बिघडत नाही.

म्हणून मदत घ्या. बिनधास्त घ्या, नाव घेऊन घ्या, मागून खाली मान घालू नका. फक्त घ्यायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: बदल्यात काय देणार, स्वतः काय शिकणार, आणि टेकू कोणत्या तारखेला काढणार. तिसरी तारीख लिहिता येत नसेल, तर ती मदत घेण्याआधी एकदा वसईच्या तहाची कलमं वाचून बघा. लायब्ररीत इतिहासाचं कपाट आहे, फारसं कोणी उघडत नाही, त्यामुळे पुस्तक नक्की मिळेल.